पगारे मॅडमची ढोलकी

माझ्या मनगटांना एक खोड आहे. कॉम्प्युटरसमोर बसलो की ती आपोआप टेबलापासून वर उचलली जातात. पाठ ताठ होते, नजर समोरच्या भिंतीकडे जाते आणि बोटं न बघता बटणांवर पडायला लागतात. घरातली मंडळी हसतात. मुलगी म्हणते, "बाबा, दोन ओळींचा मेल लिहिताय, परेड नाही चाललेली." हसू देत बापडी. पगारे मॅडमची फूटपट्टी ज्यांनी खाल्ली नाही, त्यांना यातलं काय कळणार?

नव्वदच्या दशकात श्रीरामपूरला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर, विमल पगारे यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. मी तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवायचो आणि चांगला पस्तिशीचा घोडा झाल्यावर टायपिंग शिकायला गेलो होतो, कारण माझ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका मुलांना वाचता येत नव्हती आणि मुलं तेच कारण सांगून कोरे पेपर देत होती. अरुंद लाकडी जिना चढून गेलं की लांबट खोली, दोन रांगांत मांडलेले टाइपरायटर, आणि मधल्या वाटेने फिरणाऱ्या मॅडम. ठेंगणा बांधा, सावळा रंग, कडक इस्त्रीची सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. हातात लाकडी फूटपट्टी. ती त्या कधी खाली ठेवत असतील असं मला वाटत नाही. भाजी घेतानाही त्या तिनेच वांगी दाखवत असणार.

त्यांच्या वर्गात तीन गुन्हे होते. बटणांकडे बघणं, मनगट टेकवणं आणि एकाच बोटाने टाइप करणं. पहिल्या दोन गुन्ह्यांना फूटपट्टीचा हलका टोला मिळायचा आणि त्याबरोबर "मनगट वर!" एवढंच. तिसऱ्यावर मात्र त्यांचा खास राग. "कोंबडी दाणे टिपते तसं काय चाललंय? आईनं दहा बोटं देऊन पाठवलंय ना?" मी पहिल्याच दिवशी तिन्ही गुन्हे एका ओळीत केले. शिक्षक आहे म्हणून काही सूट मिळेल अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली.

यापलीकडे त्यांचा एक नियम होता, आणि तो त्या आवाज न चढवता सांगायच्या. "चूक झाली तर थांबायचं नाही. झालेल्या चुकीकडं बघत बसलात तर पुढच्या तीन होतात. पुढचा शब्द नीट मारा." हे वाक्य मी नंतर शाळेत इतक्यांदा वापरलं की माझ्या विद्यार्थ्यांना ते माझंच वाटतं. मी तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडलेलो नाही.

त्यांच्या कानाची तर मला भीतीच वाटायची. पाठमोऱ्या उभ्या असायच्या, सगळी यंत्रं एकदम खडखडत असायची आणि मॅडम खिडकीतून बाहेर बघत म्हणायच्या, "सर, शब्दामागं जागा सोडली नाहीत." एवढ्या गोंगाटात माझी न वाजलेली थाप त्यांना ऐकू यायची. हा कान कुठून आला, ते मागच्या खोलीत कळलं.

मागच्या खोलीत आबा राहायचे. म्हणजे मॅडमचे वडील. शुगर फॅक्टरीतून निवृत्त झालेले, काटक, पांढऱ्या मिशा, आणि मांडीवर कायम ढोलकी. आमच्या भागातल्या गायन पार्टीत त्यांनी उभी हयात ढोलकी वाजवली. पार्टी म्हणजे भीमगीतं गाणारी चार-पाच माणसं. एप्रिलमध्ये जयंतीचे दिवस सुरू झाले की त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. आबांचं मूळ गाव शेवगावच्या अलीकडं. बाकी सुपाऱ्या कुठल्याही असोत, जयंतीचा गावचा कार्यक्रम आबांनी एक वर्ष चुकवला नव्हता. मॅडम लहानपणी त्यांच्या शेजारी बसून टाळ्या धरायच्या. घरातली पोर टाळीत चुकली तर आबा वाजवता वाजवता "हं" असा एक नाकातून हुंकार द्यायचे. बरोबर आली तरी "हं"च. फरक फक्त लेकीला कळायचा.

वर्गात मॅडमची भाषा अगदी पुस्तकी. पण मागच्या खोलीचा पडदा ओलांडला की ती पार गावाला जायची. "आबा, गोळी घेतली न्हाई ना? मला ठावं हाय." लगेच पडदा बाजूला करून वर्गात, "हं, पुढचा उतारा घ्या."

माझी टायपिंगची गती काही वाढेना. पण माझं बोलणं थांबत नाही हे पार्टीचा कारभार बघणाऱ्या मॅडमनी हेरलं आणि मला पार्टीचा निवेदक करून टाकलं. "सर, तुमची बोटं चालत नाहीत, निदान तोंडाचा तरी उपयोग होऊ दे." हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं होतं, असं मी धरून चाललोय.

मग कॉम्प्युटर आला. टाइपरायटरचे दिवस भरले, असं जो तो म्हणायला लागला होता, म्हणून मॅडमनी तो इन्स्टिट्यूटसाठी घेतला. खिडकीपाशी मानाची जागा दिली, जुन्या साडीचं झाकण शिवलं. नगरहून तो जोडायला आलेल्या माणसाने जाता जाता त्यात एक गंमत टाकून दिली. बटण दाबलं की ड्रम वाजायचा. मॅडमनी मनगटं वर घेतली, बोटं मधल्या ओळीवर ठेवली आणि पहिलं बटण दाबलं. धडाम! दुसरं दाबलं, झांज. खालच्या दुकानदाराला वाटलं, माडीवर कोणी भांडी फेकतंय. मॅडम दचकल्या नाहीत. त्यांनी आठही बटणं एकेक करून ऐकली आणि म्हणाल्या, "यात आपला आवाज भरता येतो का?"

येत होता. आणि मग आठवडाभर त्या आबांच्या मागे लागल्या. समोर माइक, मांडीवर ढोलकी, एका वेळी एकच थाप. आबा वैतागले. "एक एक थाप मारून मी काय शेजाऱ्याचं दार वाजवतोय व्हय?"

"आबा, येकदाच. साफ द्या."

"अगं, थाप कदी एकटी असती का? मागली असंल तर पुडली. तू तिला पोरकी करून डब्यात कोंडाया लागली."

तरी दिल्या. उजव्या तोंडाच्या शाईवरच्या टणक थापा दिल्या, डाव्या तोंडाच्या घुमणाऱ्या धुमेच्या दिल्या. धुमेची एक थाप इतकी सुरेख पडली की आबांच्या नाकातून आपसूक "हं" निघाला, आणि तो हुंकारही थापेबरोबर आत जाऊन बसला. नगरचा माणूस म्हणाला, मॅडम, ती शेपटी कापून टाकतो, एका मिनिटाचं काम आहे. मॅडमनी फूटपट्टी त्याच्या आणि माऊसच्या मध्ये धरली. "हात लावायचा नाही."

तेव्हा ही सगळी हौस होती. पावसाळा संपता संपता आबांना लकवा मारला. डावं अंग गेलं. पाय काठीच्या आधाराने घसटत चालायला लागला, डावा हात मात्र मांडीवर पडून राहिला. जीभ शाबूत होती आणि ती आधीपेक्षा तिखट झाली होती. त्यांनी ढोलकी खुंटीला टांगायला लावली, तिच्यावर धोतर टाकलं आणि खाट फिरवून दुसऱ्या भिंतीकडे तोंड केलं. वर्गात यंत्रं खडखडायची, आणि पडद्यामागून एरवी येणारी ढोलकी येत नव्हती. मला ते सहन होत नव्हतं, तर मॅडमचं काय होत असेल?

एकदा मी त्यांना धीर द्यायला गेलो आणि म्हणालो, "आबा, एप्रिलात गावाला जायचंय ना?" ते भिंतीशीच बोलले. "ज्या गावानं माजं दोन हात बगितलं, त्या गावाला एक हात दाखवाया मी न्हाई यायचा, मास्तर."

मॅडम दारात उभ्या होत्या. जिन्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या. "सर, आबा गावाला आले पाहिजेत. बाकी मला काही नको." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि कुणाचं तरी मनगट टेकलेलं सापडलं म्हणून त्याच्यावर ओरडल्या.

इकडे पार्टीला ढोलकी नाही. आमचा गायक कडूबाळ. नाव कडूबाळ आणि गळा असा गोड की बाया गर्दीत त्याला ऐकायला मागून पुढं सरकायच्या. तो म्हणाला, राहात्याचा एक ढोलकीवाला आहे, त्याला बोलवू. पेटी वाजवणारे सॅम्युअल मामा, जे रविवारी चर्चमध्येही तीच पेटी वाजवायचे, त्यांनीही मान डोलावली. मॅडम म्हणाल्या, "बाहेरचा कशाला? ढोलकी आपल्या घरात आहे." आणि दुसऱ्या दिवशी तालमीला त्यांनी कॉम्प्युटर चालू केला.

मनगटं वर, नजर समोरच्या भिंतीवर, आणि दहा बोटांतून आबांची ढोलकी. खरंच आबांची. डाव्या बोटांकडे धुम, उजव्या बोटांकडे शाई. लहानपणापासून अंगात मुरलेला ताल आणि वीस वर्षांचं टायपिंग, दोन्ही एका टेबलावर आलं. एक अडचण होती. बटण दाबलं की आवाज किंचित उशिरा यायचा. "मशिन जरा आळशी आहे," मॅडम म्हणाल्या, "त्याला आधी सांगून ठेवावं लागतं." म्हणून त्या तालाच्या केसभर आधी दाबायच्या. मी एकदा प्रयत्न केला, तर कडूबाळ गाणं सोडून हसायला लागला.

पडदा मात्र हलला नाही. तालीम संपल्यावर आतून आबांचा आवाज आला. "झालं का तुमचं? मग जरा शांत ऱ्हावा."

आमचे कार्यक्रम सुरू झाले, आणि माझे हाल सुरू झाले. टेम्पोत गोधड्यांत गुंडाळलेला तो संसार. मॉनिटर मॅडमच्या मांडीवर, कॉम्प्युटरचा डबा सॅम्युअल मामांच्या, आणि आम्ही बाकीचे कुठे तरी कडेला लोंबकळत. स्टेजवर गेल्यावर सगळ्या वायरी जोडायच्या. एप्रिलचा उन्हाळा, त्यामुळे टेबलफॅन डब्याकडे तोंड करून. कडूबाळ घामाने निथळत म्हणायचा, "मला पंखा न्हाई आन् ह्या डब्याला पंखा. उद्या ह्यालाच गाया लावा." त्यात गावागावांतली वीज. मंडळाने जास्तीचा एखादा हॅलोजन लावला की मशिन बसकण मारायचं. ते पुन्हा उठेपर्यंत बोलायचं कोणी? अर्थात मी. मॅडमनी फूटपट्टी उभी धरली की बोलत राहायचं, आडवी केली की आवरतं घ्यायचं. मी शिक्षणाचं महत्त्व सांगायचो, हुंड्यावर बोलायचो, दारूवर बोलायचो, आणि फूटपट्टी उभीच. एका गावात पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने शेजाऱ्याला समजावून सांगितलं, "ह्या मास्तरचं भाषान ऐकल्याबिगर ते मशिन चालू हुत न्हाई." त्यानंतर मी बोलायला उभा राहिलो की लोक मोठ्या आशेने मशिनकडं बघायचे.

आणि राहात्याचा तो कार्यक्रम. आमच्याकडे रीत अशी की ढोलकी रंगली, तर खूश झालेला माणूस उठून येतो आणि बक्षिसाची नोट ढोलकीवाल्याच्या हातात न देता ढोलकीच्या दोरीत खोचतो. मान वाद्याचा. त्या दिवशी मॅडमच्या बोटांत वारं शिरलं होतं. गाणं संपलं तसा फेट्यातला एक दणकट म्हातारा ताडताड स्टेजवर आला. हातात दहाची नोट. त्याने टेबलाभोवती एक फेरी मारली. दोरी कुठेच दिसेना. मॉनिटर चाचपून पाहिला, तो गुळगुळीत. मॅडमनी नेमकी तेव्हा ढोलकीची फ्लॉपी बाहेर काढली होती, कारण पुढचं गाणं हलगीवर होतं आणि हलगीचे आवाज वेगळ्या फ्लॉपीवर होते. म्हाताऱ्याला डब्याला पडलेली फट दिसली. त्याचा चेहरा उजळला. त्याने नोटेची नीट घडी घातली, ती फटीत सारली, आत गेली याची बोटाने खात्री केली, डब्याला हात जोडले आणि टाळ्यांच्या गजरात खाली उतरला.

हलगीची फ्लॉपी काही आत जाईना. मॅडमनी एकदा फटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता फूटपट्टी उभी राहणार, आणि माझ्याजवळचे विषय तर कधीच संपले होते. पण त्यांनी मनगटं वर घेतली. मशिनमध्ये आधीची ढोलकी अजून होती. हलगीचं ते गाणं त्यांनी अख्खं ढोलकीवर काढलं आणि कडूबाळने ते तसंच उचललं. चूक झाली तर थांबायचं नाही. प्रेक्षकांना वाटलं, वा, काय नवी चाल बसवलीय!

दुसऱ्या दिवशी नगरच्या माणसाने डबा उघडून चिमट्याने नोट काढली. चुरगळलेली, एका कोपऱ्याला फाटलेली. मी म्हणालो, "चहा-भजी मागवूया, मॅडम. फार कष्टाची कमाई आहे." त्यांनी नोट हातावर घेऊन सारखी केली आणि पडद्याआड गेल्या. मी मागोमाग दारापर्यंत गेलो.

"आबा, ही तुमची."

"कशाची?"

"राहात्याला येका बाबानं ढोलकीला दिली. ढोलकी तुमची, थाप तुमची. मी नुसती बटनं दाबली."

आबांनी नोट उजव्या हातात घेऊन उलटसुलट बघितली. "फाटली कशानं?"

मॅडमनी सगळी हकीकत सांगितली. फेटेवाल्याची फेरी, फट, डब्याला जोडलेले हात. आबा नोटेचा फाटका कोपरा अंगठ्याने चाचपत होते. मग त्यांच्या खांद्यांना हिसका बसला आणि मला वाटलं, म्हातारा रडतोय. ते हसत होते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी मिशा पुसल्या आणि म्हणाले, "मग बरूबर हाय त्याचं. दोरी नव्हती तर त्यानं कुटं खोचावी?" मग त्यांनी लेकीला खुंटीवरची ढोलकी खाली घ्यायला लावली. धोतर बाजूला केलं आणि ती फाटकी नोट एका हाताने, हळूहळू, दोरीत खोचली.

चार दिवसांनी पडद्यामागून फर्मान आलं. "गावाला यीन. पर मागं बसंन. स्टेजवर कोनी बलावायचं न्हाई."

पुढे जूनमध्ये माझी बदली झाली आणि श्रीरामपूर सुटलं. त्यामुळे मॅडमना स्टेजवर मी शेवटचं पाहिलं ते आबांच्या गावात.

ऊन उतरलं होतं. समाजमंदिरापुढं मांडव, निळ्या पताका, मागच्या बाजूला बैलगाड्या आणि दोन ट्रॅक्टर. आबांना आम्ही मागच्या खांबाशी खुर्ची दिली. त्यांनी डावा हात उपरण्याखाली झाकून घेतला होता. कुणी पाया पडायला आलं की नुसती मान हलवायचे. मॅडमनी जोडाजोड केली, मी नेहमीप्रमाणे मशिन उठेपर्यंत शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, फूटपट्टी आडवी झाली आणि कडूबाळने सूर लावला.

पहिली धुम पडली. तिच्यामागून, प्रत्येक कार्यक्रमात यायचा तसाच, भोंग्यातून मांडवभर आवाज घुमला, "हं."

गाव क्षणभर चपापलं. पुन्हा धुम, पुन्हा "हं". बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी उठून उभी राहिली. "आरं, ह्यो तर आपल्या आबाचा हुंकार हाय! कुटं हाय त्यो?" झालं. सगळी डोकी वळली. कोणी तरी खांबाकडं बोट दाखवलं आणि मांडवातून एकच गलका उठला, आबाला वर घ्या. गाणं जागच्या जागी थांबलं.

आबांनी मान खाली घातली. उपरणं आणखी ओढून घेतलं. याच एका गोष्टीसाठी ते यायला तयार नव्हते, आणि आम्ही त्यांना आणून नेमकं तिथंच बसवलं होतं. आता ते उठून गेले असते, तर पुन्हा कधी पडद्याबाहेर आले नसते.

मॅडमनी माझ्याकडे बघून फूटपट्टी उभी धरली. मी बोलायला लागलो. काय बोललो ते मला विचारू नका. त्यांनी पर्समधून एक फ्लॉपी काढली. ती मी आधी कधी पाहिली नव्हती. ती आत सरकवली, मॉनिटरवर बघून मान हलवली आणि स्टेजवरून उतरून सरळ मांडवाच्या मधून मागच्या खांबाशी गेल्या. मी माइकवर बोलत होतो, पण कान तिकडं होते. बाकीच्यांचेही तिकडंच होते, म्हणून तर मांडव इतका शांत होता.

"आबा, वर या."

"इमल, मी काय सांगितलं हुतं?"

"धुम उजवीकडं घेतलीय. शाईबी उजवीकडं. समदं उजव्या हाताखाली हाय. डाव्याचं काय बी काम न्हाई."

आबांनी वर बघितलं. "कवा केलंस ह्ये?"

"तुमी भिंतीकडं तोंड केलं, तवाच."

आबांनी उजवा हात उपरण्यावरून उचलून खुर्चीच्या हातावर ठेवला. कडूबाळ आणि सॅम्युअल मामांनी खुर्चीसकट त्यांना उचललं आणि टेबलासमोर आणून ठेवलं. आबांनी एक बटण दाबलं. थाप आली, पण मागाहून. कपाळाला आठी पडली. "ह्ये मागं ऱ्हातंय."

"आळशी हाय. त्याला आदी सांगाया लागतं."

"म्हंजी आपल्या ढवळ्या बैलावानीच म्हन की," आबा म्हणाले, आणि मांडवात हशा पिकला. दोन-तीनदा त्यांनी ते चाचपून बघितलं. मग कडूबाळकडे नजर टाकली. कडूबाळने गाणं उचललं आणि त्याच्या पहिल्याच शब्दाखाली ढोलकी बरोबर येऊन बसली. भोंग्यातून "हं" आला. खुर्चीतूनही आला. आता दोन आबा हुंकार देत होते, आणि ती म्हातारी पदराने डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. मलाही दिसेनासं झालं होतं, पण निवेदकाकडे कोण बघतंय?

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तेव्हा माझ्यातला जुना विद्यार्थी जागा झाला. आबा एकाच बोटाने वाजवत होते. फार तर दोन. मनगट टेबलावर सपशेल टेकलेलं. डोळे बटणांत रुतवलेले. तिन्ही गुन्हे, तेही भर मांडवात. मी हळूच मॅडमच्या कानाशी गेलो.

"मॅडम, मनगट..."

फूटपट्टीचा टोला बसला, तो माझ्याच मनगटावर.

"गप्प बसा, सर," त्या म्हणाल्या. आबांच्या खुर्चीमागे त्या उभ्या होत्या, घड्याळाचा हात पुढे, तळवा उघडा. त्या तळव्यावर त्यांनी फूटपट्टीने हलक्या हाताने टाळी धरली होती.